चौथ्या ओळीसाठी मुक्काम

मित्रांनो, मी एक जुना होल्डॉल आहे. तुमच्यापैकी निम्म्यांनी होल्डॉल पाहिलाही नसेल, म्हणून आधी ते सांगतो. जाड कॅनव्हासची लांब पट्टी, दोन्ही टोकांना खिसे. आत गादी, उशी, चादर घालायची, गुंडाळी करायची आणि चामड्याच्या दोन पट्ट्यांनी आवळायची. चाकं नाहीत, चेन नाही. हल्लीच्या बॅगांत कपडे असतात, माझ्यात झोप असते. त्यामुळे माणूस रात्री कुठं टेकतो आणि त्याला कुठं टेकू देतात, हे मला चांगलं ठाऊक आहे.

माझा जन्म पुण्यात, भवानी पेठेत ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराकडे झाला. लष्कराच्या लिलावातला तंबू कापून त्यानं मला बेतलं. शिवून घेणारा होता धोंडिबा गायकवाड, खडकीच्या कारखान्यात लेथवर काम करणारा. त्यानं कारागिराला एवढंच बजावलं, "टाके दुहेरी मार, बाबा. मला लग्नाला नाही जायचं, दगडांत जायचंय."

दगडांत म्हणजे पडक्या देवळांत. धोंडिबा सातवी शिकलेला. पण एकदा कुठल्याशा जोत्यावर त्याला झिजलेली अक्षरं दिसली आणि तो खुळावला. ग्रंथालयात बसून, जुन्या लेखांचे ठसे वहीत गिरवून गिरवून तो शिलालेख वाचायला स्वतःच शिकला. सुट्टी लागली की मी त्याच्या खांद्यावर आणि आम्ही एसटीत. त्याच्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारलेला, घरात देव नाही. त्याची बायको कांताबाई म्हणायची, "देवाला हात जोडत नाही आणि देवळापुढं पोटावर लोळतो. लोकांनी काय समजायचं?" धोंडिबा म्हणायचा, "देव ज्याचा त्यानं बघावा. अक्षर कोरणारा माणूस होता. मी त्याला भेटायला जातो."

एका सभेत तो धीर करून एका विद्वानांना म्हणाला, तुमच्या वाचनात एक अक्षर चुकलंय. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "हल्ली लेथवर शिलालेखही शिकवतात वाटतं?" सभा हसली. अक्षर मात्र चुकलेलंच होतं, मित्रांनो. आजही पुस्तकात ते तसंच चुकीचं छापलेलं आहे.

ते माझे भरभराटीचे दिवस. मी शाळांच्या ओट्यांवर पसरलो, एसटी स्टँडवर पसरलो, पिठाच्या गिरणीतही एकदा पसरलो. कारखान्यातले लोक मला सहलीला उसना मागून न्यायचे. "धोंडिबाचा होल्डॉल म्हणजे पलंग आहे पलंग," असं माझं कौतुक व्हायचं.

आता त्या गावाची गोष्ट. गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर तेवढं एकच गाव वाईट, असं समजून तुम्ही मोकळे व्हाल.

लोणी काळभोर मागं टाकून सोलापूरच्या रस्त्यानं बरंच पुढं गेलं की आत एक फाटा लागतो. तिथं नदीकाठी जुनं देऊळ आहे. शिखर पडलेलं, सभामंडपाचे निम्मे खांब आडवे. दक्षिणेकडच्या जोत्यावर चार ओळींचा लेख आहे. अक्षरं इतकी झिजलेली की दिवसभर तिथं नुसता दगड दिसतो. फक्त थंडीच्या दिवसांत, सूर्य दक्षिणेला सरकलेला असतो तेव्हा, पहिलं ऊन दगडाला घासून तिरकं जातं. अक्षराच्या खाचेत सावली भरते आणि लेख वर येतो. सात ते सव्वासात, फार तर वीस मिनिटं. मग पुन्हा दगड.

चाळीस वर्षांपूर्वी धोंडिबा तिथं सकाळच्या पहिल्या एसटीनं पोचला. ऊन चढायच्या आत तीन ओळी उतरवून झाल्या. चौथी राहिली. म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत मुक्काम आला. एका घरानं ओसरी दिली. नाव विचारलं, यानं सांगितलं, "धोंडिबा गायकवाड." या बसा झालं, गूळपाणी झालं, मला पसरलं. संध्याकाळी घरमालकानं सुपारी कातरता कातरता विचारलं, "कुठले गायकवाड म्हणायचे?"

मित्रांनो, हा प्रश्न गावाचा पत्ता विचारत नाही, हे मोठ्या माणसांना विचारून घ्या. गायकवाड मराठ्यांत असतात, गायकवाड आमच्यातही असतात. धोंडिबानं सरळ सांगितलं, "बौद्ध."

सुपारी कातरायची थांबली. "असं होय," मालक म्हणाला. "मग पाहुणं, शाळेचा ओटा बरा पडंल तुम्हाला. हवेशीर हाय." आणि कोपऱ्यातली काठी घेऊन त्यानं मला गुंडाळायला सुरुवात केली. हात लावला नाही. काठीनं ढकलत ढकलत मला पायऱ्यांवरून खाली लोटलं.

धोंडिबा शाळेत गेला नाही. मला उचललं आणि तडक फाट्यापर्यंत चालत सुटला. त्याचा राग खरा होता. पण रागाच्या भरात तो पुण्याला आला आणि चौथी ओळ तिथंच राहिली. त्यानंतर तो कुठल्याच देवळाला मुक्कामी गेला नाही. वही कपाटात गेली, मी माळ्यावर. घर खडकीहून धायरीच्या फ्लॅटमध्ये आलं तेव्हा मी नव्या माळ्यावर चढलो, व्यायामाच्या सायकलच्या खोक्याखाली. उंदरानं माझा एक खिसा खाल्ला. कुणी विचारलं नाही. मीही रडलो नाही, कॅनव्हासला ते जमत नाही.

या जानेवारीत धोंडिबाची नात अक्षता हातात मोबाइल नाचवत घरात आली. ती हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. "आबा, हे तुमचंच देऊळ ना?" कुणीतरी त्या देवळाच्या जीर्णोद्धाराचं आवाहन पाठवलं होतं. मंडपावर पत्रा, खांबांना ऑइलपेंट, जोत्याला चारी बाजूंनी ग्रॅनाइट. काम सोमवारी सुरू.

धोंडिबा आता एकोणऐंशीचा. गुडघे गेलेले. त्यानं ते दोनदा वाचलं. "जोत्याला ग्रॅनाइट," एवढंच म्हणाला.

"म्हणजे गुरुवारी जायचं," अक्षता म्हणाली. "शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन सकाळी मिळतात. राहायचं कुठं तेवढं ठरवू."

तेवढं ठरवायला दोन दिवस लागले. सगळं मी माळ्यावरून ऐकत होतो.

धोंडिबाचा मुलगा, म्हणजे अक्षताचा बाप प्रज्ञेश, सरकारी कचेरीत अधिकारी आहे. तो म्हणाला, "तालुक्याला लॉज आहे. गरम पाणी, लिफ्ट. शिवाय तिथं आडनाव कॉम्प्युटर विचारतो. कॉम्प्युटरला तोंड वाकडं करता येत नाही."

"लॉजपासून देऊळ चाळीस किलोमीटर, पप्पा. शेवटचे बारा तर नुसते खड्डे."

"पाचला निघायचं मग."

"पाचला?" कांताबाई भाजी निवडता निवडता म्हणाली. "यांना पलंगावरून उठून बसायलाच पाऊण तास लागतो. साडेतीनपासून सुरुवात करावी लागेल. तू येणार आहेस का हात द्यायला, साहेब?"

लॉज तिथंच बाद झाला.

दुसरी जागा नदीकाठचे तंबू. अक्षतानं फोन केला, तर तिकडून गाण्यांचा एवढा दणदणाट की पलीकडचा माणूस ओरडून सांगत होता, "मॅडम, बार्बेक्यू अनलिमिटेड आहे!" तिनं फोन ठेवला.

तिसरी जागा देवळाच्या ट्रस्टचं भक्तनिवास. जोत्यापासून शंभर पावलं. याहून चांगली जागा नव्हती. अक्षतानं फोन स्पीकरवर टाकला.

"नाव सांगा, ताई."

"अक्षता गायकवाड. दोघं आहोत. गुरुवार ते रविवार."

"हां, हायेत की खोल्या. कुठले गायकवाड?"

"धायरीचे."

"तसं न्हाई वो, ताई."

"मग कसं?"

पलीकडे वहीची पानं उलटली. अक्षता म्हणाली, "बौद्ध आहोत. लिहून घेताय ना?"

"एक मिनिट हं. रविवारपर्यंत फुल्ल दिसतंय."

"आत्ताच तर होत्या."

"आत्ताच झालं फुल्ल. तालुक्याला लॉज हाय बघा झकास."

प्रज्ञेश म्हणाला, "ॲपवरून बुक कर. तुझ्या त्या मैत्रिणीच्या नावानं. कुलकर्णी का काय ती."

कांताबाईनं भाजीची परात बाजूला सरकवली. "आपण धर्म बदलला तो नाव लपवायला नाही, प्रज्ञेश. पुन्हा या घरात असं बोलू नकोस."

धोंडिबा खिडकीशी बसला होता. तो म्हणाला, "राहू दे, अक्षता. मला कुणाच्या दारात पुन्हा उभं राहायचं नाही. चार ओळींतल्या तीन मिळाल्या. पुष्कळ झालं."

"आबा, खरं सांगा. तुम्ही तिथं पाहुणचाराला गेला होतात की ओळ वाचायला?"

धोंडिबानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

"ओळ वाचायला ना? मग त्यांनी काय केलं त्याचा राग ओळीवर का काढताय? सोमवारी तिच्यावर ग्रॅनाइट बसणार. मग तुम्ही त्यांच्यावर रागावून बसा हवं तितकं."

पोरगी जहाल आहे. मला ती तेव्हाच आवडली. शेवटी धोंडिबा म्हणाला, "पण नाव आधी सांगायचं. पूर्ण. उंबरा ओलांडायच्या आत."

अक्षतानं गावातल्या बचत गटाचा नंबर शोधला. फोन मथुराबाईंनी उचलला. त्या आल्यागेल्याला जेवण देतात आणि मागची खोली देतात. अक्षतानं सुरुवातच केली, "आम्ही गायकवाड. बौद्ध. आजोबा एकोणऐंशीचे आहेत. चालेल का ते आत्ताच सांगा."

"चुलीवरचं खाता का?" मथुराबाई म्हणाल्या. "गॅस संपत आलाय माझा. आन् म्हाताऱ्याला संडास खुर्चीचा लागंल, तो हाय आपल्याकडं."

"मावशी, मी काय म्हटलं ते ऐकलंत ना?"

"ऐकलं की. माझ्या सासऱ्याला चाललं नसतं. सासरा गेला. घर आता माझ्या नावावर हाय. तुमी गुरवारी दिवस मावळायच्या आत या, रस्ता घाण हाय."

कांताबाई म्हणाली, "हिला भेटायलाच हवं."

मग मला माळ्यावरून काढलं. अक्षता म्हणाली, हे धूड कशाला, तिथं गाद्या असतील. कांताबाईनं ऐकलं नाही. तिनं उंदरानं खाल्लेल्या खिशाला जुन्या जीन्सचं ठिगळ लावलं आणि पट्ट्यांना खोबरेल चोळलं.

गुरुवारी अक्षता, धोंडिबा आणि मी मथुराबाईंकडे पोचलो, कांताबाई मागाहून येणार होती. शुक्रवारी सकाळी धुकं. काही दिसलं नाही. शनिवारी ढग. दोन्ही दिवस धोंडिबा काठी टेकत जोत्यापर्यंत गेला आणि परत आला. गावातले काही लोक येता-जाता बघत होते. भक्तनिवासातला तो फोनवरचा माणूस मथुराबाईंच्या दारात येऊन म्हणाला, "मावशे, ट्रस्टला इचारलंस का?"

"ट्रस्ट माझ्या चुलीला लाकडं पुरवतं का?" मथुराबाई म्हणाल्या. "मग ट्रस्टला काय इचारू?"

रविवारी सात वाजून पाच मिनिटांनी ऊन आलं. धोंडिबाला आडवं होता येईना. मग अक्षता आणि मथुराबाईंनी मिळून त्याला धरून खाली टेकवलं. त्याचं नाक दगडाला लागेल इतक्या जवळ. पहिल्या तीन ओळी त्याला पाठ होत्या. राजाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, देऊळ करविलें, जमीन दिली. चौथ्या ओळीवर त्याचं बोट अक्षरामागून अक्षर सरकत गेलं. अक्षता फोटो काढत होती.

"घडिलें," धोंडिबा म्हणाला. मग पुढचं वाचायला पाच मिनिटं. "पाथरवटु... मालै..." पुढं दगड फुटलेला. "पाथरवटाचं नाव आहे गं, अक्षता. राजाला तीन ओळी आणि ज्यानं घडवलं त्याला अर्धी." आणि चाळीस वर्षं कपाटात ठेवलेल्या वहीत त्यानं ती अर्धी ओळ उतरवली.

गोष्ट इथं संपली असती. पण पलीकडे ग्रॅनाइटच्या लाद्यांची थप्पी लागलेली होती आणि गवंडी उद्यासाठी जोतं मोजत होता. त्यानं टेप मालैच्या नावावरच धरला.

"इथं बसवू नका," धोंडिबा म्हणाला. "हे अक्षर आहे."

"आबा, मी कामाचा माणूस. ट्रस्टला सांगा."

"तोही कामाचाच माणूस होता." मग धोंडिबा नातीकडे वळला. "अक्षता, माझं अंथरूण आण."

तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पळत सुटली. मला घेऊन आली, पट्ट्या सोडल्या आणि जोत्याला लागून लांबच्या लांब पसरलं. धोंडिबा माझ्यावर पाय पसरून, पाठ लेखाला टेकवून बसला. "आता मुक्काम इथं," तो म्हणाला.

मित्रांनो, हे मी तुम्हाला जोत्यावरून सांगतोय. आज तिसरा दिवस. अक्षतानं लेखाचे फोटो आणि अर्ज पुरातत्त्व खात्याला पाठवलेत, अधिकारी शुक्रवारी येतो म्हणालेत. ती खांबाला टेकून मांडीवर लॅपटॉप घेऊन ऑफिसचं काम करते. कांताबाई पुण्याहून गुडघ्याचं तेल आणि तीन स्वेटर घेऊन आलीय. गवंडी लाद्यांवर बसून बिडी ओढतो आणि मधेच येऊन विचारतो, "आबा, मालै म्हंजी नेमका कोण?"

काल भक्तनिवासातला माणूस आला. एकदम गोड झालेला. "आबा, थंडीत कशाला बसताय? भक्तनिवासात खोली रिकामी हाय. गरम पाणी देतो."

"फुल्ल होती ना?"

"आज झाली रिकामी."

"राहू दे," धोंडिबा म्हणाला. "आमच्यापायी एखाद्या भक्ताची गैरसोय नको."

तो गेला, पण जाताना चौथ्या ओळीकडे वाकून बघत होता. दुपार होती, त्याला काहीच दिसलं नाही.

तुम्हाला वाटेल, आता मी म्हणेन की मुलांनो, जुन्या वस्तू जपा, पुसा, कपाटात नीट ठेवा. मुळीच म्हणणार नाही. मला चाळीस वर्षं नीटच ठेवलं होतं. जुनी वस्तू कामाला लावा, फाटली तर ठिगळ लावा. जुना दगड चकचकीत करायला निघालात तर आधी खाली बसून वाचा. आणि तुमच्या दारी कुणी मुक्कामाला आलं तर त्याला पाणी द्या, अंथरूण द्या. दुसरं काही विचारायचंच असेल तर एवढंच विचारा की सकाळी किती वाजता उठवू.

शुक्रवारपर्यंत आम्ही इथंच आहोत. ऊन सातला येतं. ज्याला ओळ बघायची असेल त्यानं यावं. अंथरूण एकाचं आहे, पण सरकून घेऊ.