डिस्कच्या शेवटचं वाक्य

दुपारी बायकोचा डोळा लागला की चष्मेवाला पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडायचा, आवाज अगदी बारीक करायचा आणि डिस्क लावायचा. त्या दिवशीही त्याने ती लावली. आत काहीतरी गरगरलं, टकटक झालं, पुन्हा गरगरलं आणि थांबलं. पडद्यावर चौकट आली: डिस्क टाका.

“टाकलीच आहे की,” तो पडद्याला म्हणाला.

लोकांच्या नाकावर चष्मे बसवण्यात त्याचा जन्म गेला होता. गेल्या वर्षी बायकोला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा दुकान मुलीच्या हाती देऊन तो घरी बसला. बायकोचा उजवा हात आणि पाय हळूहळू सुधारले. काठी घेऊन ती घरात फिरू लागली. वाचा मात्र गेली ती गेलीच. तिला समजत सगळं होतं, शब्द तेवढा ओठांवर येत नव्हता. एकच शब्द तिच्यापाशी उरला होता: बरं. भूक लागली तरी बरं, नको असलं तरी बरं, आणि संतापली तरी बरंच.

पूर्वी ती शाळेत भूगोल शिकवायची. शिवाय कितीतरी वर्षं अंध वाचकांच्या वाचनालयासाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. खोलीचं दार लावून, पंखा बंद करून, आवाज घुमू नये म्हणून टेबलावर जाड चादर अंथरून ती बसायची, आणि बाहेर चष्मेवाल्याने मांजराच्या पावलांनी फिरायचं असा नियम होता. वाचून झालं की याच लॅपटॉपवर ती डिस्क तयार करायची. एक वाचनालयाला, एक घरी.

दीपगृहाच्या रखवालदाराची एक जाडजूड कादंबरी तिने वाचली होती. तिच्या शेवटच्या डिस्कमध्ये एक गंमत राहून गेली होती. “पुस्तक समाप्त,” असं म्हटल्यावर मशीन बंद करायचं ती विसरली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज येई, आणि त्यामागून तिचा नेहमीचा, घरातला आवाज: “अहो, झालं हो माझं. पंखा लावा आता. आणि दूध बघा, उतू जाईल.”

चष्मेवाल्याला रखवालदाराशी काही कर्तव्य नव्हतं. तो थेट शेवटावर जायचा. ते “अहो” ऐकायचा, पुन्हा मागे न्यायचा, पुन्हा ऐकायचा. पुस्तक तिने सगळ्यांसाठी वाचलं होतं. हे तेवढं त्याच्यासाठी होतं.

त्याने लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. तेच. दुकानातून विकत आणलेला एक जुना सिनेमा लावून पाहिला, तर तो सुरळीत सुरू झाला. बायकोच्या हातची दुसरी डिस्क लावली, तिसरी लावली. गरगर, टकटक, डिस्क टाका. मशीन सिनेमे दाखवत होतं आणि नेमका तिचाच आवाज गिळत होतं.

काचा पुसण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मऊ कापड घेऊन त्याने प्रत्येक डिस्क मध्यापासून कडेकडे पुसली. ड्राइव्हचा ट्रे बाहेर ओढला, आतलं मसुरीच्या डाळीएवढं भिंग पाहिलं, रबरी फुग्याने धूळ उडवली, कापडाचं टोक हलकेच फिरवलं. भिंग लखलखलं. डिस्क नाही लागली.

मुलीला दुकानात फोन केला. तिने विचारून विचारून त्याला सेटिंगमधून ड्राइव्ह काढून टाकायला लावला आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करून तो परत यायची वाट पाहायला लावली. ड्राइव्ह परत आला, तसाच हट्टी.

“बाबा, त्या फाइल लॅपटॉपवरच असतील ना?”

“मधे ती आतली हार्ड डिस्क बिघडली तेव्हा बदलली नव्हती का आपण? तेव्हाच गेल्या.”

“मग कुणाला तरी दाखवू. पण तुला आत्ता एवढं काय ऐकायचंय त्यात?”

“काही नाही गं. असंच.”

फोन ठेवून तो वळला तर बायको दारात उभी. टेबलभर तिच्या अक्षरातल्या डिस्क पसरलेल्या. तिने त्या पाहिल्या, मग त्याच्याकडे पाहिलं.

“बरं?”

“सिनेमा बघत होतो,” तो म्हणाला. “मशीन बिघडलंय.”

“बरं,” ती म्हणाली, आणि काठी टेकत स्वयंपाकघरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मुलगी आईपाशी बसली आणि चष्मेवाला लॅपटॉप बगलेत मारून दुरुस्तीवालीकडे गेला. जिन्याखालच्या अरुंद गाळ्यात ती बसायची. समोर स्क्रूंच्या डब्या, उघडी पडलेली यंत्रं, आणि कपाळावर सरकवलेलं मोठं भिंग.

“काका, सिनेमा लागतो आणि या लागत नाहीत, बरोबर?” तिने ऐकून घेतलं. “मग तुमचा ड्राइव्ह अर्धा मेलाय. यात प्रकाशाचे दोन किरण असतात. एक सिनेमाच्या डिस्कसाठी, एक या गाण्याच्या जातीच्या डिस्कसाठी. तुमचा दुसरा किरण मंद झालाय. त्यात या घरी भरलेल्या. कारखान्यातल्या डिस्कपेक्षा यांच्यावरून प्रकाश आधीच कमी परततो.”

“म्हणजे नजर अधू झालीय.”

“तसं म्हणा. आणि याला चष्मा लागत नाही. बदलावाच लागतो.”

तिने स्वतःचा ड्राइव्ह वायरने जोडला आणि एकेक डिस्क लावत गेली. मधमाश्या पाळण्याचं पुस्तक लागलं. नद्यांवरचं लागलं. गाळ्यात बायकोचा आवाज भरून राहिला, स्वच्छ, ठाम, पूर्णविरामांसकट. चष्मेवाला हातातल्या शेवटच्या डिस्कवर बोट फिरवत बसला. मग त्याने ती पुढे केली.

ही गरगरली आणि थांबली. दुरुस्तीवालीने ती बाहेर काढली, दिव्यासमोर धरली, शेजारी दुसरी धरली.

“ही कुठे ठेवत होता?”

“खिडकीत. हाताशी असावी म्हणून.”

“उन्हात?”

त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

“बघा, हिचा हिरवा रंग उडालाय. अक्षरं त्या रंगातच असतात, काका. मी आणखी दोन ड्राइव्हवर बघते. पण खोटी आशा लावत नाही.”

दोन्हींवर ती लागली नाही. बाकीच्या सगळ्या डिस्क तिने पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या आणि म्हणाली, “एवढं पुष्कळ वाचलं. एकच तर गेली.” चष्मेवाल्याने मान हलवली. तिच्या म्हणण्यात चूक काहीच नव्हती. घरी येताना तो दोन चौक पुढे गेला आणि मग घर मागे राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं.

वाचनालयात त्याने चौकशी केली. रखवालदाराची कादंबरी त्यांच्याकडे होती, फोनवर ऐकायला मिळे अशी. त्याने काउंटरशी उभ्या उभ्या शेवट ऐकला. “पुस्तक समाप्त,” आणि लगेच शांतता.

“यापुढे काहीतरी होतं,” तो म्हणाला.

“नव्या फाइल केल्या तेव्हा खाकरणं, खुडबुड, सगळं कापून साफ केलं आम्ही,” ग्रंथपाल अभिमानाने म्हणाली. त्याचा चेहरा पाहून ती जरा थांबली. “जुन्या डिस्क सभासदांना वाटून टाकल्या होत्या. एक गृहस्थ आहेत, ते सगळ्या घेऊन गेले. विचारू का त्यांना?”

ते गृहस्थ टेलिफोन ऑपरेटर होते. जन्मापासून अंध. एका मोठ्या इस्पितळाच्या फोनवर त्यांनी उभी हयात काढली होती. त्यांनी स्वतःच दार उघडलं आणि पुढे होऊन खुर्ची दाखवली.

“वाचणाऱ्या बाईंचे मिस्टर ना? बसा. चष्म्यांचं दुकान होतं म्हणे तुमचं. आपला काही धंद्याचा संबंध यायचा नाही.”

चष्मेवाल्याला हसावं की नाही कळेना. ऑपरेटरच हसले, तेव्हा तोही हसला.

“तुम्हाला कोणती हवी?”

“दीपगृहाची. शेवटची.”

“दूध उतू जाणारी,” ऑपरेटर पटकन म्हणाले. उठून त्यांनी कपाट उघडलं. पाकिटांवर उठावाचे ठिपके होते. बोटं फिरवत त्यांनी एक पाकीट ओढून काढलं. “मला एक विचारायचंच होतं. इतकी वर्षं मनात आहे. गेलं का हो ते उतू?”

चष्मेवाल्याने आठवून पाहिलं. ती दुपार त्याला कुठेच सापडली नाही. पंखा लावला असेल, दूध पाहिलं असेल, काहीतरी बोलला असेल. रोजच्यासारखीच दुपार, ती कोण लक्षात ठेवतं?

“आठवत नाही,” तो म्हणाला.

ऑपरेटरांनी पाकीट त्याच्या हातात दिलं. मग त्यांनी विचारलं, “बाई वाचत का नाहीत आता?”

चष्मेवाल्याने सांगितलं. झटका, काठी, तो एक शब्द. कुणाला इतकं सविस्तर त्याने आजवर सांगितलं नव्हतं. नातेवाइकांना तो “सुधारतेय” एवढंच सांगायचा.

“मी एकदा येऊ का त्यांना भेटायला?” ऑपरेटर म्हणाले. “आभार मानायचे राहिलेत.”

अंधाऱ्या कपाटात राहिलेली ती डिस्क दुरुस्तीवालीकडे पहिल्या फटक्यात लागली. खुर्ची सरकली. “अहो, झालं हो माझं.” दुरुस्तीवाली उतरवून घेत होती, तिने हात थांबवला आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेली. आत चष्मेवाला एकटाच बसून राहिला, भरल्या डोळ्यांनी.

ऑपरेटर आले ते संध्याकाळी चारच्या सुमारास, इस्त्रीचा शर्ट घालून. बायको खुर्चीत ताठ बसली होती. परक्या माणसासमोर तोंड उघडायला ती हल्ली नाखूश असे.

“नमस्कार बाई,” ते म्हणाले. “तुम्ही मला आठ समुद्र दाखवलेत, म्हणून आलो.”

तिने काठी जवळ ओढली.

“म्हणजे सातच असतात ना? तुम्ही भूगोलाच्या. सांगा.”

“बरं,” ती म्हणाली. कोरडेपणाने, शाळेत चुकार मुलाला म्हणावं तसं.

ऑपरेटरांनी मान किंचित कलती केली. “पुन्हा म्हणा बघू.”

“बरं,” ती वैतागली.

“तोच,” ते चष्मेवाल्याकडे वळून म्हणाले. “तोच आवाज आहे हो. ‘र’ वर जरा रेंगाळायची सवय, ती तशीच. रखवालदाराची बायको बोलायची तेव्हा बाई अशाच बोलायच्या. तुम्ही म्हणालात वाचा गेली, मला वाटलं आवाज गेला.”

बायकोने चष्मेवाल्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, आणि त्यांत रागही होता. तिने डावा हात लॅपटॉपच्या दिशेने नेला, मग छातीवर ठेवला, मग पुन्हा लॅपटॉपकडे. “बरं. बरं. बरं,” ती म्हणत राहिली, प्रत्येक वेळी निराळं.

तिला सगळं ठाऊक होतं. दुपारी डोळा लागत नसे तिचा. भिंतीपलीकडून ती स्वतःलाच ऐकत पडून राहायची.

“अगं, मला तू मला हाक मारलेली ऐकायची असते,” चष्मेवाला म्हणाला. ऑपरेटर समोर आहेत हे तो विसरला. “बाकी काही नाही. तू इथे असतेस, आणि मला तुझी आठवण येते. याला मी काय करू?”

ती खुर्चीत पुढे सरकली. मग काठी घेऊन उठली, शेल्फपाशी गेली आणि एक पुस्तक काढून तिने त्याच्या मांडीवर टाकलं. तिने कधीच न वाचलेलं, तिच्या आजारपणामुळे राहून गेलेलं.

“मी?” तो म्हणाला.

“बरं.”

त्याने चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. पहिल्याच परिच्छेदात दोन वाक्यं एका दमात ओढली. तिने काठी जमिनीवर आपटली. तो मागे गेला, पूर्णविरामावर थांबला. पुढे एका ठिकाणी तिने पुन्हा आपटली, का ते त्याला कळेना, ऑपरेटरांनी सांगितलं, “तिथे प्रश्नचिन्ह असणार.” होतं.

“तुमचं वाचन म्हणजे लाइन खराब असल्यासारखं आहे,” ऑपरेटर निघताना म्हणाले. “पण पुढे काय होतं ते ऐकायला मला यावं लागणार.”

ते येत राहिले. चष्मेवाला वाचतो, बायको काठी आपटते. ‘बरं’ला लागून आणखी एखादा शब्द येईल अशी डॉक्टरांना आशा आहे, अजून आलेला नाही. त्या शब्दाच्या किती तऱ्हा आहेत हे चष्मेवाला आता कान देऊन ऐकतो, आणि एकदोनदा त्याला आपल्याला हाक मारल्यासारखं वाटलंही.

तरी ते “अहो” त्याला हवंच असतं. मुलगी आईला व्यायामाला घेऊन जाते त्या दिवशी तो घरी एकटा असतो. तेव्हा तो नव्या ड्राइव्हमध्ये ऑपरेटरांनी दिलेली डिस्क लावतो, एकदाच ऐकतो, पाकिटात घालून खणात ठेवतो. बायकोला हे माहीत आहे. परतल्यावर मुलगी किल्ली काढते, तर ती मुलीचा हात धरून थांबवते, स्वतः बेल दाबते, आणि तो दार उघडेपर्यंत बाहेर उभी राहते.