भरवसा शंभरपैकी पाच

मित्रांनो, माझे नाव तुम्ही ऐकले नसेल आणि त्यात तुमचा काही दोष नाही. मी एक जुना आयनोसोंड आहे. वेधशाळेच्या मागच्या खोलीत कपाटाएवढे लोखंडी धूड आणि बाहेर आवारात तारा ताणलेला उंच खांब, एवढाच माझा संसार. दर पंधरा मिनिटांनी मी वर रेडिओलहरींची हाक मारतो आणि ती परत येते का, याकडे कान देऊन बसतो.

ती हाक परत कुठून येते, ते आधी सांगतो. खूप उंचावर, हवा अगदी विरळ असते तिथे, सूर्याच्या प्रखर किरणांमुळे कणांना विजेचा भार चढतो. त्या थराला आयनांबर म्हणतात. लांब पल्ल्याचा रेडिओ त्यावरून वळून खाली येतो, म्हणून तर तो समुद्रापलीकडे ऐकू जातो. पण आयनांबराचा काही नेम नसतो. त्यातला भार कमी झाला की नेहमीची लहर आरपार निघून जाते आणि खालचा माणूस घसा कोरडा होईपर्यंत बोलत बसतो.

मला जोडले ते पक्कडकाकांनी. ते इथले तंत्रज्ञ. खिशात कायम पक्कड असते, म्हणून हे नाव पडले. खरे नाव आता पगारपत्रकालाच ठाऊक असेल. तरुणपणी माझा मोठा रुबाब होता. पाहुणे आले की आधी मला दाखवत, मग चहा विचारत.

पुढे शेजारच्या खोलीत संगणक आला आणि त्याच्यासोबत नकाशावाली ताई आली. दर तासाला सबंध आयनांबराचा नकाशा काढायचा, हे तिचे काम. तिची रीत अशी. संगणक आधी मागच्या तासावरून आताचा अंदाज बांधतो. मग ठिकठिकाणची माझ्यासारखी यंत्रे प्रत्यक्ष मोजलेले आकडे पाठवतात आणि दोन्हींचा मेळ घालून नकाशा तयार होतो. आई कपाळाला हात लावून ताप ओळखते आणि वर थर्मामीटरही लावते, तसेच हे. हात किती खरा मानायचा आणि थर्मामीटर किती, हे ठरवण्यासाठी प्रत्येक यंत्राला भरवशाचा एक आकडा दिलेला असतो. माझा शंभरपैकी नव्वद होता.

चार वर्षांपूर्वी कुंपणापलीकडे वेल्डिंगचे दुकान निघाले. ठिणगी उडाली की माझ्या कानात नुसती खरखर व्हायची आणि मी काहीबाही आकडे पाठवायचो. काकांनी ते पाहिले आणि ताईला सांगून माझा भरवसा पाचवर आणला. तेव्हा ते बरोबरच होते, मी तक्रार करत नाही. पण वर्षभरात ते दुकान दुसरीकडे गेले, माझे कान स्वच्छ झाले, आणि पाच मात्र पाचच राहिला. तीन वर्षे मी खरे बोलत होतो आणि कोणी हिंग लावूनही विचारत नव्हते. मला त्याचे फार वाईट वाटायचे.

काकांची मुलगी समुद्रातल्या एका बेटावर परिचारिका आहे. तिथे फोन लागत नाही. शहरातल्या दवाखान्याशी ती रेडिओवरून बोलते. कोणत्या पट्टीवर, म्हणजे कोणत्या फ्रीक्वेन्सीवर, बोलायचे, ते दवाखाना आमचा नकाशा बघून ठरवतो. एके दिवशी दुपारी तिने कळवले, की एक बाई बाळंतपणात अडली आहे, होडी पाठवायची की नाही ते चार वाजता सांगते. साडेपाचनंतर ओहोटी लागली की होडी बंदरातून निघूच शकत नव्हती.

चार वाजले आणि बेट गप्प राहिले. सव्वाचार झाले तरी आवाज नाही. दवाखान्यातून ताईला फोन आला. तिने नकाशा पाहिला, त्यात सगळे शांत होते. तिने तसे सांगितले. मग दवाखान्याने ठरवले, की बेटावरचा रेडिओच बिघडला असणार, उद्या मेकॅनिक पाठवू.

पक्कडकाका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्या पडद्यावर स्पष्ट दिसत होते, की नेहमीच्या पट्टीवरची हाक परतच येत नाही. बरीच खालच्या पट्टीवरची तेवढी परत येते आहे. ते तसेच शेजारच्या खोलीत गेले.

"ताई, वरचा थर विरळ झालाय. रेडिओ चांगलाच आहे, पट्टी चुकतेय."

"काका, बाकीच्या दहा केंद्रांवर तसं काही नाही."

"ती कुठल्या कुठे आहेत. बेटाच्या वाटेवर आपलंच एक यंत्र आहे."

"पण याचा भरवसा पाच आहे. संगणक त्याचं ऐकतच नाही."

"पाच कोणी केला?"

ताईने जुनी नोंद उघडली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. नोंदीखाली काकांचेच नाव होते.

काका खुर्चीत बसले. "दुकान गेलं, आणि मी हे उठवायचं विसरलो," एवढेच म्हणाले.

ताईने माझे गेल्या महिन्याचे आकडे भराभर तपासले. खरखर कुठेच नव्हती. तिने नव्वद लिहून नकाशा पुन्हा काढला. आता बेटाच्या वाटेवर मोठा खड्डा दिसत होता. तिने दवाखान्याला खालची पट्टी कळवली. संपर्क तुटला की करायचे ठरले होते, त्याप्रमाणे मुलगी सगळ्या पट्ट्या आळीपाळीने ऐकत बसली होती. पाच वाजून दहा मिनिटांनी तिचा आवाज आला. दवाखान्यातल्या माणसाने फोन रेडिओजवळ धरला.

"पोरी, चूक माझी होती गं," काका म्हणाले.

"बाबा, ते मग सांगा. आधी होडी पाठवा."

होडी साडेपाचच्या आत निघाली. बाई वाचली, बाळही वाचले. काका मात्र दोन दिवस धड जेवले नाहीत, असे ताई सांगत होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या अकरा यंत्रांच्या नोंदी काढल्या. आणखी दोघे माझ्यासारखेच जुन्या आजाराची शिक्षा भोगत होते. काकांनी प्रत्येकाच्या केंद्रावर फोन करून चौकशी केली आणि त्यांचे आकडे बदलून घेतले.

मित्रांनो, यंत्र बिघडले तर त्याचे ऐकू नका, माझी हरकत नाही. माणसाचेही तसेच. पण एखाद्यावरचा भरवसा कमी कराल, तेव्हा त्याला पुन्हा कधी विचारायचे, ती तारीखही त्याच ओळीत लिहून ठेवा. त्याला स्वतःला ती लिहिता येत नाही.