लेकीच्या घरचे पाणी

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी डबा नाही, पिंप नाही आणि शोभेची वस्तू तर मुळीच नाही. मी जोधपूरचा बादला आहे. जस्ताच्या पत्र्याचा देह, त्यावर जाड कापडाचा अंगरखा आणि खांद्याला अडकवायला पट्टा. वय झाले आहे. एका कुशीला पोचा आला आहे. पण पाण्याच्या बाबतीत माझ्याकडे बोट दाखवायची कोणाची छाती नाही. सकाळी भरलेले पाणी ऐन ज्येष्ठातल्या संध्याकाळीही मी असे थंड ठेवतो, की पिणाऱ्याचे दात शिवशिवावेत. अशा माझ्या पाण्याचे एका रविवारी काय केले गेले, ते ऐकलेत तर तुमच्याही तळपायाची आग मस्तकात जाईल.

मला गफूर उस्तादांनी घडवले. पत्रा कापला, ठोकून वळवला, सांधे कथिलाने झाळले आणि पाणी भरून रात्रभर फडक्यावर उभे केले. फडके कोरडे राहिले, तेव्हाच मला अंगरखा शिवला. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते दम भरत, "कापड ओलं ठेवाल तर हा बादला. वाळवाल तर नुसता पत्रा. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

भीकमचंदजींनी मला विकत घेतले तेव्हा ते तरुण होते. ते एका बांधणीच्या दुकानात गादीवर बसत आणि सुट्टीच्या दिवशी घरातल्यांना सायकलवर बसवून जोधपूर दाखवायला नेत. मागे बायको, पुढच्या दांडीवर छोटी सायर आणि हँडलला मी. कधी मंडोरच्या छत्र्या, म्हणजे जुन्या राजांच्या समाध्या, कधी बालसमंद सरोवर, कधी किल्ल्यामागचे तलाव. पाऊस झाला, की कायलाना तलावाच्या काठावर गोठ; म्हणजे दगडांची चूल, दाल-बाटी आणि चार घरची माणसे. गावातल्या गावात काय फिरायचे, असे म्हणून शेजारी हसत. भीकमचंदजी उलट त्यांनाच सुनावत, "सात समुद्रांपलीकडून लोक आपला किल्ला बघायला येतात आणि तुम्हाला तुमच्या गल्लीमागचा झालरा माहीत नाही. हसता कसले?"

झालरा म्हणजे पायऱ्यांची विहीर. तिच्या पायऱ्यांवर बसून सायर मला दोन्ही हातांनी उचलायची आणि वरून धार तोंडात सोडायची. निम्मे पाणी फ्रॉकवर जायचे. तिची आई ओरडायची आणि भीकमचंदजी म्हणायचे, "सांडू दे. आपल्या घरचं पाणी आहे, कोणाकडून मागून आणलेलं नाही."

सायरचे लग्न गावातच झाले, स्टेशनपलीकडच्या नव्या वस्तीत. तेव्हापासून भीकमचंदजींनी जुना नियम धरला. दिलेल्या लेकीच्या घरी बापाने अन्न घ्यायचे नाही, पाण्याचा घोटही नाही. ते लेकीला भेटायला जात तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर असे. सायर स्वयंपाकघरातून लोटा घेऊन येई, त्यांच्यासमोर उभी राही आणि तसाच परत नेई. तिची सासू व्याह्यांच्या कौतुकाने म्हणे, "ब्याईजी असावेत तर असे. रीत सोडली नाही." त्या कौतुकाने माझा पत्रा आणखी फुगे. सायरचे तोंड मात्र प्रत्येक वेळी उतरे. ते मला दिसत होते, पण बादल्याला कोण विचारतो?

बायको गेल्यावर भीकमचंदजी एकटे पडले. मग सायरचा नवरा नवरतन दर रविवारी मोटार घेऊन येऊ लागला. माणूस वाईट नाही, हे मला रागातही कबूल केले पाहिजे. "चला बाबोसा, आज पलकला काय दाखवायचं?" असे तो हौसेने विचारी. पलक ही सायरची मुलगी. जावयाच्या मोटारीत बसणे नियमात बसते का, हा प्रश्न भीकमचंदजींनी स्वतःच सोडवला होता. मोटार रस्त्यावर चालते आणि रस्ता सगळ्यांचा, म्हणून चालते. पाण्याचे मात्र तसे नव्हते. ते माझ्यातलेच. पण मोटारीत बाटल्यांचे खोके येऊ लागले. मला कोणी मांडीवरून मागच्या सीटवर ढकलले, कोणी "ओलं लागतं" म्हणून पायांशी ठेवले.

आता तो रविवार. ज्येष्ठ महिना, मंडोरला जायचे ठरलेले. वाटेत आंधी आली. दहा हातांवरचे दिसेना. वाळू बसली तेव्हा मोटारीची काच पिवळी झाली होती. सायर आणि पलक मिरचीवडे आणायला समोरच्या दुकानात गेल्या होत्या. नवरतनने मागे हात घातला, मला उचलले, माझे झाकण उघडले आणि माझे सगळे पाणी, मित्रांनो, सगळे पाणी, काचेवर ओतले.

शेवटचे थेंबसुद्धा त्याने झटकून काढले. म्हणाला, "काच साफ झाली बघा, बाबोसा. पाण्याची काळजी नको, आपल्याकडे खोकंभर बाटल्या आहेत."

भीकमचंदजींनी माझ्या रिकाम्या तोंडाकडे पाहिले. मला वाटले, आता तरी बोलतील. पण जावयाला ओशाळे वाटेल असा शब्द काढायचा नाही, ही त्यांची दुसरी रीत. ते म्हणाले, "छान केलंत, जंवाईसा." मला मांडीवर घेऊन त्यांनी झाकण घट्ट लावले, जणू आत काही उरले होते.

मंडोरला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. दारापाशी पूर्वी पाणपोई होती. तिचे रांजण पालथे घातलेले होते आणि शेजारी बाटल्यांची टपरी लागली होती. भीकमचंदजी मुकाट्याने टपरीकडे वळले, बाटली घेतली आणि खिशात हात घातला. तेवढ्यात नवरतन धावत आला.

"मी असताना तुम्ही पैसे देणार? मला लाज आणता का, बाबोसा?"

"राहू द्या, जंवाईसा. मी देतो."

"अजिबात नाही. ए भाई, त्यांच्याकडून घेतलेस तर बघ."

टपरीवाल्याने जावयाचे पैसे घेतले. झाले. बाटली लेकीच्या घरची झाली. भीकमचंदजींनी ती पलकच्या हातात दिली आणि म्हणाले, "तू पी, बेटा. मला तहान नाही."

तहान नाही म्हणे. त्यांची जीभ टाळ्याला चिकटली होती. पलकला ते छत्र्यांवरचे कोरीव काम दाखवत होते, कोणता राजा, कोणती छत्री, आणि दर वाक्यागणिक त्यांचा आवाज खरखरीत होत होता. तिने बाटली दोनदा पुढे केली. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. मग सायर लांबून म्हणाली, "बाऊजी, ऊन फार आहे. पाणी प्या हो."

तेव्हा त्यांनी काय केले असेल? मला उचलले, झाकण काढले, मान मागे टाकली आणि माझ्या कोरड्या तोंडाला तोंड लावून दोन घोट घेतल्यासारखा घसा हलवला. सायरने ते पाहिले आणि निश्चिंत होऊन वड्यांचा कागद उलगडायला लागली.

जिच्यासाठी मी आयुष्यभर खरे पाणी वाहिले, तिलाच माझ्या तोंडून खोटे दाखवले गेले. मी ओरडू शकलो असतो तर मंडोरच्या सगळ्या वानरांनी झाडे सोडून पळ काढला असता. मला जावयाचा राग आला. त्या टपरीचा आला. सर्वांत जास्त राग या म्हाताऱ्याचा आला, जो रीतीपायी जीव द्यायला निघाला होता आणि वर हसतही होता.

पुढच्या छत्रीच्या पायऱ्या चढताना त्यांचा पाय लटपटला. ते खांबाला धरून खाली बसले. ओठ पांढरे पडले होते. सायर धावत आली. तिने त्यांच्या खांद्यावरून मला ओढून घेतले आणि डोक्यावर पाणी घालायला उपडे केले. एक थेंब पडला नाही. तिने मला हलवले. पुन्हा उपडे केले.

"यातलं पाणी कुठं गेलं?"

नवरतन चाचरत म्हणाला, "मघाशी त्या पाण्यानं काच धुतली. अगं, पण आपल्याकडे बाटल्या आहेत की. बाटलीतलं पाणी कोणाच्या घरचं नसतं, कंपनीचं असतं."

सायर बापाकडे बघत होती. "आणि मघाशी तुम्ही काय प्यायलात?"



पलकला एकदम सुचले. "मम्मी, बाटलीतलं पाणी बादल्यात ओत ना. मग नानोसा पितील. ते त्यांचंच होईल."

खरे सांगतो, मला ती युक्ती पसंत होती. भीकमचंदजींनी तर हातही पुढे केला. पण सायरने मला बाजूच्या पायरीवर ठेवून दिले.

"नाही. आज बादला नाही," ती म्हणाली. "लहानपणी तुमच्या घरचं पाणी मी फ्रॉकवर सांडलं, तेव्हा तुम्हाला चाललं. आता माझ्या हातचा घोट चालत नाही. इतकी वर्षं लोटा घेऊन तुमच्यापुढे उभी राहते आणि परत जाते. मला काय वाटत असेल, कधी विचारलंत?"

"बेटा, दिलेल्या लेकीचं घेत नाहीत."

"दिलेली म्हणजे काय? मी भांडं होते का, बाऊजी, या घरातून त्या घरात द्यायला?"

मी स्वतः भांडे आहे. तरीही हा प्रश्न ऐकून मला कुठे तोंड लपवावे ते कळेना. सायरने बाटली उघडली, ओंजळ भरली आणि बापाच्या ओठांशी नेली. बोटांतून पाणी गळत होते. "प्या. नाहीतर मीही आजपासून पाणी पीत नाही. बघते कोण आधी पडतं ते."

भीकमचंदजींनी डोळे मिटले. मग लेकीचा हात मनगटाशी धरला आणि प्यायले. एक ओंजळ, दुसरी, मग पुढच्या कितीतरी. नवरतन खोक्यातून बाटल्या आणून देत राहिला. मला कोणी विचारले नाही. मी पायरीवर उन्हात तापत पडलो होतो.

परतताना भीकमचंदजी वाटभर पाणी पीत होते. त्यांना घरी सोडायला मोटार वळणार होती, तर ते म्हणाले, "आधी सायरच्या घरी चला." तिथे दिवाणखान्यात सासूबाई बसल्या होत्या. मला दाराशी ठेवून ते आत गेले, गादीवर टेकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "सायर, पाणी दे. तहान लागलीय."

सासूबाईंच्या हातातली सुपारी तशीच राहिली. सायर लोटा घेऊन आली. या माणसाच्या पोटात आता घोटभर पाण्याला जागा नव्हती, हे मला आणि तिलाही ठाऊक होते. तरी त्यांनी तो लोटा तळ दिसेपर्यंत रिकामा केला.

मित्रांनो, माझी काळजी जरूर घ्या. माझे कापड ओले ठेवा, पोचा काढून घ्या. पण त्याआधी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पाणी विचारा, आणि 'नको' म्हणाले तर का नको तेही विचारा. आणि लेकीच्या दारातून बापाला तहानलेला परत पाठवणारी रीत तुमच्या घरात अजून असेल, तर तिला मान देऊ नका. मी ती इतकी वर्षे खांद्यावरून वाहिली आहे. पाण्याने भरलेलो असतानाही माझे तिच्याइतके ओझे कधी झाले नव्हते.