शांत बाळाची तसबीर

"कलावतीबाई, मूल रडायला हवं हो. इतकं गप्प मूल मला आवडत नाही."

अ‍ॅग्नेसबाई असं म्हणाल्या तेव्हा कलावती हसली होती. अ‍ॅग्नेसबाई मूळच्या ठाण्याच्या, किरिस्ताव. रीतसर शिकलेल्या सुईण. कल्याणच्या दवाखान्यात त्या कामाला होत्या आणि कलावतीचा मोरू त्यांच्याच हातावर जन्मला होता. पाळण्यात वाकून त्यांनी मोरूच्या गालाला बोट लावलं. तो किंचित हलला आणि पुन्हा निजला.

"तुम्हांला दवाखान्यातली रडकी पोरं पाहायची सवय," कलावती म्हणाली. "आमचा मोरू वडिलांवर गेलाय. इकडूनही दिवसभर बोलणं होत नाही."

"बापाला मिशा फुटल्यात. तो गप्प बसला तर चालतं," अ‍ॅग्नेसबाई म्हणाल्या आणि छत्री उचलून निघून गेल्या.

कलावतीला त्या वेळी घाई होती. घरात काम चालू होतं, आणि ते काम असं की त्याला शांतता लागायची.

तिचे यजमान उत्तमराव यांनी ठाण्याच्या कचेरीतली कारकुनी सोडून एक विलक्षण उद्योग आरंभला होता. जादूचा कंदील तोवर लोकांना नवा राहिला नव्हता. काचेवरचं चित्र दिव्यापुढे धरलं की समोरच्या पांढऱ्या कापडावर ते भिंतीएवढं दिसे. पण दिसायचं काय? विलायतेतले राजवाडे आणि बर्फाचे डोंगर! उत्तमरावांनी ठरवलं, आपण आपलीच माणसं दाखवायची. कॅमेरा घेऊन ते तळ्यावर गेले. एका काठाला मळकी धुणी, दुसऱ्या काठाला हंडे भरणाऱ्या बायका. त्या तसबिरी त्यांनी काचांवर उतरवल्या, रंगवल्या, आणि पटकीच्या साथीत गावोगाव दाखवल्या. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलेली कलावती प्रत्येक चित्राचं निरूपण लिही, आणि बायकांच्या सभेत स्वतः उभी राहून सांगे. लोक टिंगल करत, "काय कंदीलवाले, आज कुणाची घाण दाखवणार?" पण पाणी उकळून पिणारी घरं वाढली, हेही लोकांनीच पाहिलं.

आता नवा खेळ तयार होत होता, बालसंगोपनावर. अडचण मुलांचीच होती! घरात उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचं झाकण काढून सावकाश अंक मोजावे लागत, आणि तेवढ्यात मूल हललं की काच वाया. कुणाला चार हात येत, कुणाचा चेहरा धुक्यासारखा पुसून जाई.

"एक मूल धड बसत नाही!" उत्तमराव काळोख्या खोलीतून ओरडले. "गंगुबाई, निदान आपल्या मोरूला तरी गप्प ठेवा!"

गंगुबाई शहाडकडची आगरीण. मोरूला सांभाळायला ठेवलेली. तिच्या हाती मोरू दिल्यापासून कलावतीला लिहायला निवांत वेळ मिळू लागला होता. संक्रांतीला तिनं खुशीनं गंगुबाईला नवं लुगडं घेतलं आणि शेजारणींना सांगितलं, "हिच्या हाताला गुण आहे."

आणि खरोखर, मोरूची तसबीर पहिल्याच खेपेला उतरली. पापणीचा केस न् केस मोजावा इतकी स्वच्छ! पंखा हलवणारा गंगुबाईचा हात तेवढा पुसट आला होता. मोरूच्या एका डोळ्याच्या कोपऱ्यात काळा ठिपका होता.

"काचेवरचा डाग दिसतो," उत्तमराव म्हणाले. "रंगात झाकून टाकतो."

"राहू द्यावा. रंग वाळेल कधी? खेळ उद्यावर आलाय," कलावती म्हणाली.

वाचकहो, शहाण्या माणसांच्या घरीही असंच होतं. आपण पाहतो, पण जे पाहायचं ठरवलेलं असतं तेवढंच पाहतो.

पारनाक्याजवळच्या एका मोठ्या दिवाणखान्यात, दुपारची जेवणं आटोपल्यावर, बायकांसाठी खेळ लावला होता. खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या होत्या. आत काळोख, घासलेटच्या दिव्याचा वास, बांगड्यांची किणकिण. शेंबडं मूल दिसलं, बायका "शी" म्हणाल्या. उघड्या गटाराकाठी खेळणारी मुलं दिसली, बायका कुजबुजल्या. मग कलावती घसा साफ करून म्हणाली, "आता पाहा, नीट वाढवलेलं बालक कसं असतं. शांत, समाधानी, आईला त्रास न देणारं."

कापडावर मोरू आला. पुरुषभर उंच.

"अगं बाई, काय गुणी!" कुणीतरी म्हणालं. "आमच्याकडे पाठवा हो तुमची दाई!"

आवडाबाई नावाची एक थट्टेखोर म्हातारी पुढेच बसली होती. ती खुदकन हसली. "कलावती, अगं, लेकाच्या डोळ्यात माशी बसलीय की! हाकल तिला, हाकल!"

बायका खळखळून हसल्या. कलावतीही हसत कापडाकडे वळली.

तो डाग नव्हता. माशीच होती. तिचे पाय दिसत होते, पंखांची जाळी दिसत होती. मोरूच्या उघड्या डोळ्याच्या ओल्या कोपऱ्यात ती बसली होती, आणि झाकण उघडून अंक मोजून होईपर्यंत ती तिथंच होती, म्हणूनच इतकी स्पष्ट उतरली होती.

मग मोरूनं पापणी का नाही हलवली?

डोळ्यात माशी बसली तर मोठं माणूससुद्धा हात झटकतं. आणि हे सात महिन्यांचं मूल? त्याची मूठ उघडी, बोटं सैल, नखं सगळी रेखीव. दुसरं एक मूल असं उतरलं नव्हतं. एकही नाही!

"हे चित्र खोटं आहे!" ती ओरडली. "बायांनो, हे मूल शांत नाही! कंदील विझवा!"

"अगं, काय झालं?" दिव्यामागून उत्तमराव म्हणाले. पण ती दार उघडून बाहेर पडली होती. पायात वहाणा नाहीत, डोक्यावर पदर नाही. भर दुपारी एका प्रतिष्ठित घरची सून पारनाक्यावरून धावत सुटली, आणि दुकानांतली माणसं गल्ल्यावरून उठून पाहत राहिली.

घरी मोरू पाळण्यात होता. गंगुबाई शेजारी बसून तांदूळ निवडत होती.

"निजलाय, बाय. आवाज नको."

कलावतीनं त्याला उचललं. मान मागे पडली. "मोरू! मोरू रे!" ओठ निळसर. श्वास येत होता, पण दोन श्वासांच्या मध्ये एवढा वेळ जाई की तिचाच जीव कासावीस होई. तिनं पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

"काय दिलंस याला? खरं सांग!"

"गोली," गंगुबाई घाबरून म्हणाली. "अफूची. बारीकशी. रोजचीच, बाय! आज तुमी लई वेल बाहेर, म्हनून एक जास्ती."

उत्तमराव मागोमाग धापा टाकत आले होते. ते ऐकून तसेच दवाखान्याकडे धावले. अ‍ॅग्नेसबाई आल्या त्या बाह्या सरसावूनच. "निजू देऊ नका! तळव्यांना चापट्या मारा. गार पाणी आणा. उत्तमराव, बघत काय राहिलात? कॉफी उकळा, कडक!"

तिघंही आळीपाळीनं त्याला घेऊन ओटीवर फिरत राहिली. कलावती त्याच्या तळव्यांवर मारत होती आणि स्वतः रडत होती. ज्या मुलाला तिनं कधी चिमटा काढला नव्हता, त्याला ती आज मारत होती आणि देवाजवळ एकच मागत होती, हा रडू दे!

दिवेलागणीला मोरूनं तोंड वाकडं केलं. आधी नुसता घोगरा आवाज. मग त्यानं असा टाहो फोडला की समोरच्या घरातून कुणी विचारलं, "काय हो, कुणाचं मूल?"

"आमचं!" उत्तमराव ओरडून म्हणाले, आणि मटकन खाली बसले.

जीव वाचला तसा कलावतीचा राग उसळला. "गंगुबाई, आत्ताच्या आत्ता चालती हो!"

गंगुबाई दाराशी उभी होती. "मी इख नाय दिलं, बाय. आमच्याकरं सगल्याच देतात. मिठागरावर जाताना पोरं निजवायची तर दुसरं काय करनार? माझी पन अशीच वाढली. एक गेला. देवानं नेला म्हनलां."

अ‍ॅग्नेसबाईंनी मोरूला कलावतीच्या मांडीवर ठेवलं.

"ही जाईल," त्या म्हणाल्या, "आणि दुसऱ्या घरी लागेल. तिथंही पाळणा असेल. मग?"

"पण आम्ही का अफू द्यायला सांगितली होती?" उत्तमराव म्हणाले.

"शांतता मागितलीत ना? रोज ओरडून मागितलीत. मूल गप्प राहिलं म्हणून लुगडं दिलंत. ते कसं गप्प राहतं, हे विचारलंत कधी? अहो, तुम्ही आख्ख्या गावाला तळ्यातली घाण दाखवलीत. स्वतःच्या पाळण्यात वाकून नाही पाहिलंत! हिला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हांला तर मी सांगितलं होतं."

उत्तमरावांची मान खाली गेली. कलावतीनं मोरूच्या पाठीवर हात फिरवला. मग ती म्हणाली, "गंगुबाई, आत ये. जाऊ नकोस. पण आजपासून हा रडेल तेव्हा रडेल. काम थांबेल."

पुढचे काही दिवस मोरू फार रडला. अफू सुटताना असंच होतं, अ‍ॅग्नेसबाई म्हणाल्या. काळोख्या खोलीत काचा बिघडल्या, निरूपणं अर्धी राहिली, उत्तमरावांची चिडचिड झाली. पण आता ओरडायच्या आधी ते बाहेर येऊन मोरूला खांद्यावर घेत.

महिन्याभरानं ठाण्याला खेळ झाला. कलावतीनं तीच तसबीर दाखवली, माशीसकट, आणि घडलं ते सांगितलं. शेजारी गंगुबाई उभी राहिली आणि आपल्या बोलीत आपल्या गेलेल्या लेकाबद्दल बोलली. तेव्हा मागून मिठागरावरची एक बाई उठून म्हणाली, "गोली नको, तर पोर ठेवू कोनाकरं? तुमी घेता?"

कलावतीनं तोच प्रश्न सगळ्या बायकांपुढे ठेवला. ठाण्यातल्याच चार बायका त्या दिवशी खेळ संपल्यावर घरी गेल्या नाहीत. मिठागराच्या वाटेवर कुणाच्या पडवीत मुलं ठेवता येतील, त्यांना सांभाळायची पाळी कुणाची कधी, यावर त्या बोलत बसल्या. वाद झाला, एक रुसूनही गेली. पण पडवी मिळाली.

बंधुभगिनींनो, मूल त्रास देत नाही याचा अर्थ ते सुखात आहे असा होत नाही. दुसऱ्याच्या हाती मूल सोपवताना केवळ शांतता मागू नका. त्या हातांना वेळ द्या, माहिती द्या, मदत द्या. आणि अफूचा कणही कुणाच्या तोंडी जाऊ देऊ नका.

तुमच्या आळीत असं एखादं घर असेल, जिथं तान्हं मूल आहे पण त्याचा आवाज कधी कानी येत नाही. हे वाचून झालं की तिथं जा. आगाऊ म्हणतील, म्हणू द्या. पाळण्याशी वाका, त्याला नावानं हाक मारा, आणि ते डोळे उघडून तुमच्याकडे पाहीपर्यंत तिथून हलू नका.