नुसतं बसायचं भाडं

सुग्रीव सरांना पत्तेच वाईट यायचे, असं कुणी म्हणेल तर ते खोटं. पत्ते सगळ्यांना येतात तसेच त्यांनाही यायचे, बहुतेक टाकाऊ आणि अधूनमधून बरे. सरांचं दुखणं वेगळं होतं. बरा पत्ता हातात आला की त्यांना त्याहून बरा हवासा वाटायचा.

रविवारची दुपार होती. कुंभार पिंपळगावच्या त्यांच्या दोन खोल्यांत पंखा गरम हवाच ढवळत होता आणि सर पलंगावर भिंतीला टेकून मोबाइलवर पोकरची स्पर्धा खेळत होते. पैशांचे खेळ सरकारनं बंद केल्यापासून ॲपवर फुकटच्या स्पर्धा तेवढ्या उरल्या होत्या. जिंकलं तर नाव वरच्या यादीत दिसायचं, हरलं तर दिसायचं नाही, एवढाच व्यवहार. तरी सरांच्या तळहाताला घाम सुटला होता. तो घाम खेळाचा नव्हताच म्हणा. दिवेलागणीला त्यांचा मेहुणा बिभीषण वाटूरहून यायचा होता आणि त्याला आज उत्तर द्यायचं होतं, हो किंवा नाही.

बिभीषण हा प्रेमलाबाईंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, धाकटा भाऊ. वाटूर फाट्यावर त्याचं ठिबकच्या नळ्यांचं आणि पाइपांचं दुकान होतं, ते चांगलं चालायचं. आता दुसरं दुकान तो पिंपळगावातच, बाजारतळाजवळ टाकत होता, आणि तिथं बसायला त्याला घरचं माणूस हवं होतं. दिवाळीत त्यानं दाजींना विचारलं, तर दाजी म्हणाले बघू. संक्रांतीला विचारलं, तर म्हणाले मार्च जाऊ दे. आता गाळ्याला रंग लागला होता, माल उतरला होता. रविवारी शेवटचं विचारतो, मंग मला दुसरं माणूस बघावं लागंल, असं तो फोनवर सरळ बोलला होता.

सर पंधरा-सोळा वर्षं विनाअनुदानित शाळेत गणित शिकवत होते. विनाअनुदानित म्हणजे शाळा खरी, पोरं खरी, फळा खरा, फक्त पगार तेवढा यायचा राहिलेला. सरकार कधीतरी अनुदान देईल, मग मागची सगळी तपश्चर्या फळाला येईल, या आशेवर ते सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. घर चालायचं प्रेमलाबाईंच्या शिलाई मशीनवर आणि सरांच्या शिकवण्यांवर. सोडावं असं मनात आलं की कचरू सर आडवे यायचे. हे कचरू सर पलीकडच्या गावातल्या अशाच एका शाळेत होते. ते कंटाळून सोडून गेले आणि वर्षाच्या आत त्या शाळेला अनुदान मिळालं. त्यांच्या जागेवर काल आलेलं पोरगं पगार घेऊ लागलं आणि कचरू सर टेम्पो चालवू लागले. सरांच्या शाळेत कुणाचं तोंड उतरलेलं दिसलं की मुख्याध्यापक तातेराव ही गोष्ट सांगत, आणि ऐकणारा पुन्हा चार वर्षं हलत नसे. वर मेहुण्याच्या दुकानात नोकर म्हणून बसायचं, लोक काय म्हणतील, हेही होतंच.

पोकरचा नाद सरांना गणितापायी लागला. त्या खेळात गंमत अशी की नुसतं बसायलाही भाडं पडतं. पत्ते बघायच्या आधीच पाळीपाळीनं प्रत्येकाला काही चिपा, म्हणजे खेळातली नाणी, मध्ये टाकाव्या लागतात, त्याला ब्लाइंड म्हणतात, आणि हे ब्लाइंड दर थोड्या वेळानं वाढत जातात. म्हणजे तुम्ही काही चूक केली नाही, काही केलंच नाही, तरी तुमचा ढीग झिजतो. झिजत झिजत तो दहाच ब्लाइंड भरता येतील इतका उरला की मग थोडं लावून बघू ही भाषा संपते. एक तर सगळं लावा, नाही तर पत्ते टाकून डाव सोडा. सगळं लावलं की बहुतेक वेळा समोरचे बिचकतात, पत्ते टाकतात आणि मधल्या चिपा न लढता आपल्या होतात. पण ते बिचकतात तुमच्या ढिगात दम आहे तोवरच. दोन ब्लाइंड उरलेल्या माणसाला कुणी भीत नाही. कुठल्या जागेवरून किती चिपा असताना कोणत्या पत्त्यांवर सगळं लावायचं, हे सारं सरांना तोंडपाठ होतं. त्यांचं कळत होतं, वळत नव्हतं.

त्या दुपारी त्यांच्याकडे बरोबर दहा ब्लाइंड उरले होते. ते डीलरच्या जागेवर, म्हणजे सगळ्यांत सोयीच्या जागी बसले होते. आधीच्या सगळ्यांनी पत्ते टाकलेले, मागे दोघंच उरलेले. हातात इस्पिकचा एक्का आणि बदामाची अठ्ठी. यावर सगळं लावायचं, यात शंकेला जागाच नव्हती. सरांचा अंगठा बटणावर गेला आणि तिथंच थांबला. अठ्ठी जरा हलकीच आहे, त्यांच्या मनात आलं. मागच्याकडे एक्का-राणी असली तर? वेळेची हिरवी रेघ आखडत आखडत लाल झाली आणि संपली. ठरल्या वेळात खेळाडूनं काही केलं नाही की ॲप आपणहून पत्ते फेकून देतं. तसे ते फेकले गेले. सरांना चक्क हलकं वाटलं. आपण टाकले नाहीत, ते गेले.

प्रेमलाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या आत येऊन पलंगाच्या कडेला टेकल्या आणि बिभीषणला आज काय सांगायचं ते विचारलं. सर मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले की तातेराव सरांचा कालच फोन आला होता, पुढच्या महिन्यात अनुदानाच्या तपासणीचं पथक यायचं आहे, आता ऐन वेळेला सोडणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. यातलं हातचं कोणतं आणि पळतं कोणतं, हे त्यांनी तपासून पाहिलेलं नव्हतं. प्रेमलाबाईंनी मोबाइलकडे बोट केलं.

"ह्यात बी असं थांबायचंच असतंय का?"

शिकवायची संधी आली की सर खुलायचे. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ब्लाइंड कसे वाढतात, ढीग कसा झिजतो, चांगल्या पत्त्याची वाट बघणारा माणूस वाट बघण्यातच कसा मरतो. वर्गात सांगावं तसं, मन लावून सांगितलं. प्रेमलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मंग मघाशी तो एक्का का टाकला तुम्ही?"

"टाकला न्हाई. येळ संपली."

प्रेमलाबाई उठून चहा ठेवायला गेल्या.

ब्लाइंड वाढले, पुन्हा वाढले. सरांना मधे बादशहा-गुलाम आले, तेव्हा पुढच्या एकानं आधीच चिपा लावल्या होत्या म्हणून सोडले. पंजांची जोडी आली, ती लहान म्हणून सोडली. ढीग दीड ब्लाइंडावर आला आणि मग, ज्याची तासभर वाट पाहिली ते आलं. दोन एक्के. याहून चांगला पत्ता या खेळात नाही. सरांनी क्षणाचाही विचार न करता सगळं लावलं आणि प्रेमलाबाईंना हाक मारली. दीड ब्लाइंडाचा काय तो धाक, म्हणून तिघं सहज, गंमत म्हणून मध्ये आले. एक्के टिकले. पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडाले.

"जिंकलात का?" प्रेमलाबाईंनी आतूनच विचारलं.

जिंकलो, असं सर म्हणाले आणि मग त्यांनी बाकीच्यांचे ढीग पाहिले. कुणाचे चाळीस ब्लाइंड, कुणाचे साठ. त्यांचे चार पट होऊन सहा. जिंकूनही ते टेबलावर शेवटचेच होते. आयुष्यातला सगळ्यांत चांगला पत्ता येऊन गेला होता आणि त्यानं काही म्हणता काही झालं नव्हतं. सरांना एकाएकी इतका शीण आला की मोबाइल त्यांनी उपडा घातला. उद्या खरंच अनुदान आलं तरी आपल्या नोकरीची वर्षं उरलीत किती, हा हिशेब त्यांनी आजवर कधी मांडला नव्हता. तो आता आपोआप मांडला गेला. सरांनी मनाशी ठरवलं, आज हो म्हणायचं. खरंच ठरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी काही ठरवलं होतं आणि त्यांच्या छातीत धडधडत होतं.

बिभीषणची मोटरसायकल दारात वाजली. तो आला, पाणी प्याला, चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलणं झालं. दाजींना त्यानं काहीच विचारलं नाही. सर वाट बघत राहिले, त्यानं विचारलं की म्हणायचं. शेवटी बिभीषणनं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि बहिणीपुढं धरला.

"आक्का, शटर जरा जड चालतंय. वंगण दिलंय, पण उद्या कुणाला तरी हाताशी घे."

सरांना आधी कळलंच नाही. मग कळलं. प्रेमलाबाईंनी शुक्रवारीच भावाला फोन केला होता, तुझ्या दाजींचं काही ठरंना, मी बसते दुकानात. मापं घ्यायची सवय आहे, नळ्याही मापानंच विकायच्या. मशीन संध्याकाळी चालवीन. बिभीषणनं एका शब्दात हो म्हटलं होतं. दुपारी त्यांनी सरांना विचारलं, ते नुसतं शेवटचं विचारून बघायला.

"मी आज हो म्हणणार होतो," सर म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "खरंच म्हणणार होतो."

प्रेमलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, नुसत्या थकलेल्या होत्या.

"म्हणला असता. पण तुमची वाट बघत मी बी बसूनच होते ना इतके दिवस," त्या म्हणाल्या. मग पदराच्या टोकाला किल्ल्यांची गाठ मारता मारता, अगदी मायेनं, त्यांनी समजूत काढली. "आता तुम्ही शाळा सोडू नका. जावा निवांत. आता काई घाई न्हाई."

सरांनी मान हलवली. छातीतली धडधड थांबली होती आणि मघासारखंच हलकं वाटू लागलं होतं. ते हलकं वाटणं ओळखीचं निघालं, आणि सरांना बायकोच्या तोंडाकडे बघवेना. बिभीषण निघताना ते त्याला सोडायला उठले, चप्पल पायात घातली, आणि बाहेर जाऊन काय बोलावं ते न सुचून दारातच उभे राहिले.