सलाईनचं चाक

घाई केली तर आईची वाचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा मी मान डोलावली होती. आणि तासाभरात तिच्या सलाईनचं चाक मीच फिरवलं.

आमचं गाव शेळगाव. बीपीच्या धास्तीनं आईनं मीठ जवळजवळ सोडलेलं, वर उन्हाळा म्हणून तांब्यावर तांब्या पाणी. सोमवारी सकाळी ती मलाच म्हणाली, "कोण पायजे तुमाला?" गाडीत घालून बारामती गाठली.

डॉक्टर म्हणाले, "रक्तातलं सोडियम फार उतरलंय. त्यामुळे पाणी मेंदूच्या पेशींत शिरलंय, त्या फुगल्यात. मीठ द्यायचं, पण हळूहळू. घाई केली तर तेच पाणी पेशींतून झपाट्यानं बाहेर ओढलं जाईल. मग बोलणं, गिळणं कायमचं जाऊ शकतं. आणि ते कळतं चार-पाच दिवसांनी."

खारावलेल्या रानात पाणी असूनही डाळिंब सुकतं, मातीतलं मीठ मुळांना पाणी घेऊ देत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणजे अक्कल नव्हती असं नाही. पण आई कण्हत होती आणि मिठाच्या सलाईनचे थेंब इतके सावकाश पडत होते की राहवेना. बावीस वर्षं बागेला ठिबक चालवतोय. थेंब कमी दिसला की हात वॉल्व्हवर जातो. तसाच गेला. धार लागली. बाटली अर्धी झाल्यावर भानावर आलो आणि चाक गपचूप होतं तिथं आणलं.

दुपारी रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांचा चेहराच उतरला. "एवढं वाढलं कसं? पायल, बाटलीचा वेग कुणी वाढवला?"

पायल म्हणजे तिथली नर्स, विशीतली पोर. ती रडकुंडीला आली. "मी नाही, सर."

मी भिंतीकडे बघत राहिलो. संजीवनी, माझी बहीण, काय म्हणेल? सारी भावकी काय म्हणेल? मग आईकडे नजर गेली.

"डॉक्टर, म्या फिरवलं. ठिबकाची सवय हाय हाताला."

ते ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "किती वेळ? खरं सांगा. अजून साधं पाणी देऊन सोडियम मागं आणता येईल."

खरं सांगितलं. बाटली बदलली.

पुढचे पाच दिवस मी दर तासाला विचारायचो, "आई, माझं नाव काय?" घोट गिळताना तिच्या गळ्याकडे बघायचो. एखादा शब्द अडखळला की पायलला हाक मारायचो.

शनिवारी ती कडाडली, "ज्ञानू, ज्ञानू, ज्ञानू! किती येळा सांगू? येड लागलंय का तुला? पानी दे आधी!"

रडतच तांब्या उचलला. उभ्या जन्मात पाण्याचं कुणाला विचारलं नव्हतं.

"पायलताई," मी म्हणालो, "किती देऊ?"