बोसनची हातबॅग

लवू बोसनला घरातलं काडीचंही ठाऊक नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मिठाची बरणी कुठल्या फळीवर असते, गॅसचा नंबर कधी लावायचा, वायरमनला कुणी फोन करायचा, सगळं बायकोकडे, जनीकडे. बत्तीस वर्षं माणूस बोटीवर. वर्ष-सव्वा वर्ष तिकडे, दोन-तीन महिने घरी, आणि घरी आला की पाहुण्यासारखा सुरमई खाऊन पडवीत घोरत पडायचा. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. तिथे त्याच्या एका हाकेसरशी वीस माणसं धावत यायची. इथे रत्नागिरीला, भाट्याच्या खाडीकाठी, रिटायर होऊन बसल्यावर त्याच्या हाकेला दारातलं कुत्रंसुद्धा मान वर करेना.

म्हणून एका दुपारी रॉटरडॅमहून लेकीचा, तेजस्वीचा फोन आला, की व्हिसा झालाय, तिकिटंही काढलीत, आता पंधरा दिवसांनी आईला घेऊन निघा, तेव्हा लवूच्या अंगात वारंच शिरलं. अखेर घरात असा एक विषय निघाला होता, ज्यातलं त्याला सगळं कळत होतं आणि जनीला ओ की ठो कळत नव्हतं. जनीने आजवर विमान बघितलं होतं ते अंगणातून, मान वर करून.

"हे बघ जनी," फोन ठेवल्या ठेवल्या त्याने सुरुवात केली. "विमानात सामान दोन प्रकारचं. मोठं असतं ते विमानाच्या पोटात जातं. छोटं आपल्या हातात, सात किलो. पोटातलं पोचेल न पोचेल, हातातलं पोचतंच. ह्यूस्टनला माझी सुटकेस हरवली तेव्हा…"

"तेव्हा तुम्ही आठ दिवस कुकची पँट घालून डेकवर उभे होतात," जनी म्हणाली. "घोट्याच्या वर चार बोटं. ऐकलंय."

"मग? हातबॅग हवीच."

"नको. मी हात हलवत जाणार."

"अगो, पण का?"

"नको म्हणजे नको."

आता याला काय म्हणायचं? आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार, आणि बावीस वेळा जगप्रदक्षिणा केलेल्या माणसाला शिकवणार! लवूने सात किलोंचं महत्त्व समजावलं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या समजावल्या. बॅग चुकून दुसऱ्याच देशात गेली तर साडी कुठून आणशील, हेही विचारलं. आठवडाभर त्याने दिवसातून तीनदा हातबॅगेवर व्याख्यान दिलं, आणि जनी तीनही वेळा "बरं" म्हणून आपल्या कामाला लागली. तिच्या या "बरं"चा अर्थ "नाही" असा होतो, हे कळायला घरी राहावं लागतं. लवूला वाटलं, पटलं.

आठव्या दिवशी तो आपली जुनी हातबॅग शोधायला निघाला. काळी, जाड कापडाची, दोन बंदांची, एका अंगाला बोटकंपनीचं पुसट झालेलं नाव. पहिल्या बोटीपासून शेवटच्या बोटीपर्यंत तीच. माळ्यावर मिळाली नाही, कपाटावर मिळाली नाही, पलंगाखाली मिळाली ती उंदीर पकडायची जाळी. शेवटी मागल्या लाकडांच्या खोपीत गेला, आणि तिथे कोपऱ्यात त्याला बॅग दिसली. चेन उघडी, आत भाताचा पेंढा, आणि पेंढ्यावर ऐसपैस बसलेली तांबडी खुडूक कोंबडी.

"हाड!" लवू म्हणाला आणि बॅगेला हात घातला. कोंबडीने पिसं फुलवली आणि बोसनच्या बोटाला अशी काही चोच मारली की तो अंगणभर नाचला.

"हात नका लावू हो भाऊजी!" कुंपणापलीकडून शेजारची सखूवहिनी ओरडली. "अकरा अंडी हायत खाली! मी दिलीत. आज आठवा दिवस. अजून तेरा दिवस उठवायची नाय तिला."

"पण माझ्या बॅगेत?"

"मी टोपली देत होते की! जनी म्हणाली, टोपली नको, बॅग पडलीय रिकामी. मला काय, म्हटलं बोसनची कोंबडी, बसूदे बॅगेत." सखूवहिनी स्वतःच्याच विनोदावर खुदुखुदु हसली. "तेजस्वीने तिकिटं काढली ना, त्याच संध्याकाळी बसवली बघा."

लवू बोट चोखत उभा राहिला. माणूस घरकामात ढ असला तरी दिवसांचा हिशेब त्याचा पक्का होता, बोटीवर दुसरं असतं काय. तिकिटं आली त्या संध्याकाळी. म्हणजे इकडे तो व्याख्यानं देत होता, आणि तिकडे बॅगेत कोंबडी आधीच बसली होती. ती एकवीस दिवस उठणार नव्हती. विमान पंधराव्या दिवशी! हा डाव होता, सरळ सरळ डाव, आणि तोही इतका चोख की बोसनला मनातल्या मनात सलाम करावासा वाटला.

पण हार मानेल तो लवू कसला. जेवायलाही न थांबता तो स्टँडजवळच्या दुकानात गेला आणि निळ्या रंगाची, चार चाकांची, कोरी करकरीत हातबॅग घेऊन आला. अंगणात ती गोल गोल फिरवून दाखवली. सखूवहिनीने लगेच कुंपणावरून एक पुडकं पुढे केलं, "एवढे कोळंबीचे सोडे माझ्या भाच्याला पोचवा, जर्मनीत असतो, तिथून जवळच ना?" लवूने ते मोठ्या रुबाबात बॅगेत टाकलं.

जनी दारात उभी राहून बघत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. पदराला हात पुसत म्हणाली, "छान हाय बॅग. मग तुम्ही जाऊन या. मी नाय येत." आणि आत गेली.

लवूला वाटलं थट्टा करतेय. संध्याकाळी बघतो तर मोठ्या सुटकेसमधून तिने स्वतःच्या साड्या काढून कपाटात लावल्या होत्या, घडी न मोडता. आता मात्र त्याला कळलं, ही थट्टा नाही. तीस वर्षं तो या बाईला सांगत आला होता, एकदा तुला दाखवीन, ही बंदरं, ही शहरं, एकदा तुला नेईन. आणि आता नेण्याची वेळ आली, तर एका निळ्या बॅगेपायी ती घरी बसणार?

त्याने लेकीला फोन लावला. "तुझ्या आईला समजाव जरा. सगळं जग हातबॅग नेतं."

"नेतं ना," तेजस्वी म्हणाली. "पण बाबा, तिला का नको, ते विचारलंत?"

"आठ दिवस विचारतोय!"

"विचारताय की सांगताय?"

मुलगी आईवर गेली होती. लवूने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनी मागल्या दारी विळी घेऊन बांगडे साफ करत होती. लवू समोर बादली उपडी घालून बसला. वादळात नांगर टाकायला तो कधी घाबरला नाही, पण हे अवघड होतं.

"जनी," तो म्हणाला, "का नको गो बॅग?"

जनीने दोन बांगडे पुरे केले, मग बोलली.

"मोठी बॅग तुमच्या खांद्यावर असायची. ती काळी छोटी माझ्याकडे. घरापासून स्टेशनपर्यंत मी धरायची. आधी एसटी स्टँड, मग रेल्वे झाली तेव्हा स्टेशन. गाडी आली की तुम्ही माझ्याकडे हात पुढे करायचात."

"हो, मग?"

"माझ्यासाठी नाय. बॅगेसाठी."

लवूने बादली थोडी पुढे सरकवली.

"बावीस वेळा भरली मी ती बॅग," जनी म्हणाली. "तुमचं बनियन, तुमच्या गोळ्या, लाडवांचा डबा. बावीस वेळा तुमच्या हातात दिली, आणि येताना हात असा मोकळा. खाडीचा पूल ओलांडून घरी येईपर्यंत मला कळायचं नाय या हाताचं काय करायचं ते. तेजू लहान होती तेव्हा तिला धरायचे. नंतर तीही गेली शिकायला." तिने विळी धुतली. "त्या बॅगेची चेन लागली की मला वाटतं, निघालात तुम्ही. अजून वाटतं. मला एकदा या घरातून बॅगेशिवाय निघायचंय. बस, एवढंच. तुम्हाला वेडेपणा वाटेल."

लवूला वेडेपणा वाटला नाही. त्याला स्वतःची लाज वाटली, चांगली खरपूस लाज, कानाच्या पाळ्या गरम होण्याइतकी. बत्तीस वर्षं तो समजत होता की निघणारा तोच. जनीचं काय, ती तर घरीच होती.

"तुला तेव्हाच सांगता आलं असतं," तो कसाबसा म्हणाला.

"तेव्हा तुम्ही गाडीत असायचात."

त्या दुपारी बोसन कामाला लागला. हातबॅग कशासाठी, तर सुटकेस हरवली तर पंचाईत नको म्हणून. मग त्याने जनीचे अर्धे कपडे आपल्या सुटकेसमध्ये घातले आणि आपले अर्धे जनीच्या. एक हरवली तरी दुसरीत दोघांचंही निभेल. "बघ," तो म्हणाला, "याला म्हणतात बोसन!" जनी हसली आणि तिने हे आठवडाभर आधी का सुचलं नाही, ते विचारलं नाही. गोळ्या, पासपोर्ट आणि चष्मे यांसाठी तिने त्याच्या शर्टाला आतून एक मोठा खिसा शिवला. सखूवहिनीचे सोडे मोठ्या सुटकेसमध्ये तीन पिशव्यांत गुंडाळून गेले. निळी बॅग सखूवहिनीकडे गेली, आणि तिथे तिच्यावर कोण बसलंय, ते विचारायची लवूची हिंमत झाली नाही.

निघायच्या दिवशी रिक्षावाल्या नितेशने दोन्ही सुटकेस स्टेशनात आणून टाकल्या. सखूवहिनी पोचवायला आली होती. कोंबडीचं कसं करायचं ते जनीने तिला चौथ्यांदा सांगितलं. दुपारची मांडवी एक्स्प्रेस आली. नितेशने सामान डब्यात चढवलं, लवू पायरीवर चढला आणि सवयीने त्याचा हात मागे, जनीकडे गेला. पंजा उघडा.

जनी त्या हाताकडे बघत राहिली.

"काय हवंय?" तिने विचारलं.

"काय नाय," लवू ओशाळून म्हणाला. "ये. पायरी उंच हाय."

तिने त्याचा हात धरला आणि चढली. खिडकीजवळची जागा तिने घेतली. गाडी हलली. सखूवहिनी फलाटावरून हात करत होती. पाण्याच्या नळाजवळचा तो खांब आला, ज्याच्याशी जनी दरवेळी उभी राहायची. तिने तो खांब आतून पहिल्यांदाच बघितला.

"मी इथं उभी असायचे," ती म्हणाली. "गाडी सुटल्यावर दिसायचे का मी तुम्हाला?"

हो म्हणणं सोपं होतं. त्याच्या तोंडावरही आलं. पण बावीस वेळचं त्याला सगळं स्पष्ट आठवत होतं.

"नाय," लवू म्हणाला. "मी बॅग वर ठेवत असायचो."

जनीने मान हलवली. म्हणाली, "मी शेवटचा डबा जाईपर्यंत थांबायचे."

लवू उठला, तिच्या अंगावरून वाकून खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि हलवू लागला. सखूवहिनी केव्हाच रिक्षाकडे वळली होती. तो खांब मागे मागे जात होता, त्याच्याशी कुणीच उभं नव्हतं. तरी लवू त्या खांबाकडे बघत हात करत राहिला, फलाट संपेपर्यंत. जनीने त्याला बस म्हटलं नाही.